निवड झटपट, पैसे आगाऊ: उन्हाळी कार्यक्रमांच्या नावाखाली चाललेली लूट

एप्रिल महिना. दहावीची परीक्षा संपलेली, नववीचा निकाल हातात पडायचा. अशा वेळी पालकांच्या मेलवर एक पत्र येतं. वर एखाद्या नामांकित परदेशी विद्यापीठाचं चिन्ह, खाली ‘अभिनंदन, आपल्या पाल्याचं नामांकन झालं आहे’. तीन आठवड्यांचा निवासी कार्यक्रम, मोजक्याच जागा, ४० टक्के शिष्यवृत्ती मंजूर, आणि जागा राखून ठेवायची तर ४८ तासांत पैसे भरा. मुलाने अर्ज केलेलाच नसतो. त्याचं नाव, इयत्ता आणि शाळा आली कुठून? बऱ्याचदा शाळेत झालेल्या ‘मोफत करिअर मार्गदर्शना’तल्या फॉर्ममधून किंवा एखाद्या ऑनलाइन स्पर्धेच्या नोंदणीतून.

हे पत्र एप्रिलमध्येच का येतं, ते आधी समजून घ्या. अमेरिकेतल्या निवडक कार्यक्रमांचे अर्ज साधारण डिसेंबर ते मार्चमध्ये बंद होतात. खऱ्या जागा भरून झालेल्या असतात, ‘उशीर झाला’ म्हणून पालक हळहळत असतात, आणि नेमक्या त्याच वेळी ‘दोन जागा उरल्यात’ असं कुणी सांगितलं की हात आपोआप पाकिटाकडे जातो.

खरी निवड कशी होते, हे माहीत असलं की खोटी लगेच डोळ्यांत भरते. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात भरणारा ‘रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट’ हा उन्हाळी कार्यक्रम १९८४पासून चालू आहे. जगभरातून जेमतेम १०० मुलं घेतात, आणि निवड झाल्यावर शिकवणं, राहणं, जेवण यांचे पैसे घेत नाहीत. बोस्टन विद्यापीठातल्या सहा आठवड्यांच्या ‘प्रॉमिस’ या गणिताच्या कार्यक्रमासाठी अर्जासोबत गणिताचे प्रश्न सोडवून पाठवावे लागतात, आणि त्यांवर मुलं दिवसचे दिवस डोकं खपवतात. आपल्याकडे इस्रोचा ‘युविका’ हा अंतराळविज्ञानाचा कार्यक्रम २०१९मध्ये सुरू झाला. नववीच्या मुलांसाठी, दोन आठवड्यांचा, साधारण मे महिन्यात. आठवीचे गुण, ऑनलाइन प्रश्नमंजूषा, विज्ञान मेळावे अशा गोष्टींचे गुण धरतात, ग्रामीण शाळेतल्या मुलांना त्यात जास्तीचा वाव असतो, आणि प्रवास, राहणं, जेवण हा खर्च इस्रो करते. म्हणून ‘युविकाची निवड पक्की करून देतो, ५,००० रुपये नोंदणी’ म्हणणारा माणूस चोरच, त्यावर आणखी विचार करायची गरज नाही. फी घेणारे चांगले कार्यक्रमही आहेत, फी असणं हा गुन्हा नाही. पण अर्ज नाही, निबंध नाही, शिक्षकांचं शिफारसपत्र नाही, आणि तरी निवड? मग तपासली आहे ती फक्त तुमची ऐपत.

आता पत्त्याकडे बघा. मेलमध्ये दिसणारं नाव कुणीही काहीही टाकू शकतो. त्यावर बोट ठेवून आतला पूर्ण पत्ता उघडा आणि ‘अ‍ॅट’च्या चिन्हापुढचा भाग उजवीकडून वाचा. अमेरिकी विद्यापीठाचा शेवट ‘डॉट ईडीयू’, ब्रिटिशाचा ‘डॉट एसी डॉट यूके’, आपल्या सरकारी संस्थेचा ‘डॉट गव्ह डॉट इन’. विद्यापीठाच्या नावापुढे आडवी रेघ, मग ‘समर’, आणि शेवटी ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट ऑर्ग’ असेल तर तो पत्ता विद्यापीठाचा समजू नका. असा पत्ता थोड्या पैशांत कुणालाही विकत मिळतो.

दुसरा प्रकार जास्त गुळगुळीत, कारण त्यात कायद्याने बोट ठेवायला जागा कमी. सुट्टीत रिकामी असलेली वसतिगृहं आणि वर्ग विद्यापीठं आणि कॉलेजं भाड्याने देतात. खासगी कंपनी ती घेते, आणि जाहिरातीत विद्यापीठाचं नाव मोठं, स्वतःचं बारीक. ‘विद्यापीठात’ आणि ‘विद्यापीठाचा’ यांत एका अक्षराचा फरक, पण लाखो रुपयांचा. शेवटी मिळणारं प्रमाणपत्र कंपनीचं असतं. खातरजमा करायची तर कंपनीच्या दुव्यावरून जाऊ नका. विद्यापीठाचं संकेतस्थळ स्वतः उघडून शालेय मुलांच्या उन्हाळी कार्यक्रमांच्या यादीत ते नाव शोधा. नसेल तर तिथल्या कार्यालयाला दोन ओळींचा मेल करा.

पैसे कुठे मागतात, यावरून तर जवळजवळ निकालच लागतो. परदेशी संस्थेला फी पाठवताना बँक ए-२ फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज) आणि पॅन मागते, पैसे संस्थेच्या नावाच्या खात्यात जातात. यूपीआयचा क्यूआर पाठवला आणि स्कॅन केल्यावर एखाद्या व्यक्तीचं नाव आलं, तर तिथेच थांबा. ‘आमचे भारतातले समन्वयक आहेत’ हे उत्तर ठरलेलं असतं.

व्हिसाच्या नावाखालीही उकळतात. अमेरिकेत आठवड्याला १८ तास किंवा त्याहून जास्त शिक्षण असेल तर साधारणपणे एफ-१ व्हिसा लागतो, त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेने दिलेला आय-२० हा प्रवेशाचा दाखला हवा. सेव्हिस या अमेरिकी सरकारच्या विद्यार्थी-नोंदणीचे ३५० डॉलर सरकारी संकेतस्थळावर आपले आपण भरता येतात. ‘आमच्याकडे द्या, व्हिसाची हमी’ असं कुणी म्हटलं तर लक्षात ठेवा, ही हमी कुणाच्याच हातात नसते.

‘निबंध आम्ही लिहितो, शिफारसपत्रंही बनवतो’ म्हणणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा. अनेक कार्यक्रम शिक्षकांना थेट दुवा पाठवून शिफारस मागवतात. खोटी शिफारस सापडली तर अर्ज बाद होतो, आणि त्या मुलाच्या नावावर डाग लागतो. पंधरा वर्षांच्या पोराला हे भोगायला लावणं फार वाईट.

पैसे गेले असतील तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवा. जितका लवकर, तितकी पुढच्या खात्यात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे ओळख क्रमांक हाताशी ठेवा, यूपीआयमध्ये तो बारा आकडी असतो. लगोलग बँकेला कळवा, कार्डाने भरले असतील तर व्यवहारावर लेखी हरकत घ्या. रागाच्या भरात चॅट पुसू नका, मेल मूळ स्वरूपात जपा. पासपोर्ट किंवा आधारची प्रत दिली असेल तर तक्रारीत तेही लिहा, आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक करा.

काही दिवसांनी आणखी एक फोन येऊ शकतो. ‘तुमचे पैसे सापडलेत, परताव्यासाठी आधी प्रक्रिया शुल्क भरा.’ बोलणारा वकील असतो, कधी चक्क ‘सायबर पोलीस’. फसलेल्यांची नावं आणि नंबर याच लोकांकडे असतात. तो नंबरही त्याच तक्रारीत जोडा, एक रुपयाही पाठवू नका.