‘इंटरकूलर समोर लावून देतो’ या एका वाक्याला मी फसलो

आमच्या वरुड भागात संत्र्याचा मृग बहाराचा माल निघाला की गाडीला आराम नसतो. माझ्याकडे जुनी टर्बो डिझेल पिकअप आहे. बॉनेटवर हवा घ्यायचा स्कूप आणि त्याच्या बरोबर खाली, इंजिनावर, इंटरकूलर, म्हणजे इंजिनाला जादा हवा दाबून देणाऱ्या टर्बोची तापलेली हवा गार करणारी जाळी. कंपनीतूनच तशी आलेली. मार्चमध्ये संत्र्याचे क्रेट भरून बैतूलच्या व्यापाऱ्याकडे निघालो होतो. मुलताईकडे चढ लागला आणि गाडीनं ओढच सोडली. तिसऱ्यात जाणारी गाडी दुसऱ्यातही दम धरेना. मागून काळाकुट्ट धूर, आणि ॲक्सिलरेटर दाबला की बॉनेटमधून ‘सूंऽऽ’ असा हवा सुटल्याचा आवाज.

तो आवाज लक्षात ठेवा. सगळं उत्तर त्या आवाजात होतं आणि मी गॅरेजवाल्याला पहिल्यांदा तेच सांगितलं होतं.

त्यानं बॉनेट उघडलं, इंटरकूलरला हात लावला आणि म्हणाला, “भाऊ, हा पाहा किती तापला. इंजिनाच्या डोक्श्यावर ठेवला तर थंडा कसा होईन? कंपनीनं जागाच चुकवली याची.” मग मोबाइलवर ड्रिफ्टिंगच्या गाड्यांचे व्हिडिओ दाखवले. धूर काढत आडव्या पळणाऱ्या गाड्या, आणि समोरच्या बंपरमधून दिसणारा मोठा चकचकीत इंटरकूलर. “त्यायले समोर लागते, तुमच्या गाडीले काऊन नाई? इंपोर्टेड माल हाय, लावून देतो.” बेचाळीस हजार सांगितले. पंचवीस हजार मी त्याच दिवशी दिले, कारण माल झाडावर होता आणि गाडी उभी ठेवणं परवडत नव्हतं. पक्कं बिल मागितलं तर कागदाच्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला. मीही ती खिशात घातली.

तो बोलला त्यातलं अर्धं खरं होतं, हे मला आज कळतं. मी अडकलो तो त्या अर्ध्या खऱ्यामुळेच. टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. बाहेर आपल्याकडचं 45 अंशांचं ऊन असताना दाब दुप्पट केला, तर हवा टर्बोतून 140 अंशांच्या आसपास तापून निघते. इंटरकूलरनं ती 65 वर आणली, तर तेवढ्याच दाबात पाचव्या हिश्शाहून जास्त हवा सिलिंडरमध्ये मावते. हवा जास्त, तर डिझेल नीट जळतं, धूर कमी, ओढ जास्त. इंजिनावरचा इंटरकूलर इंजिनाच्या उष्णतेनं तापतो हेही खरं, आणि चढावर गाडी वीसच्या वेगानं रांगत असेल तर स्कूपमधून वारा फारसा येत नाही हेही खरं. पण माझ्या गाडीनं ओढ सोडली त्याचं कारण यातलं एकही नव्हतं.

चार दिवसांनी गाडी मिळाली. समोरची जाळी काढलेली, बंपरमागचा लोखंडी चॅनल ग्राइंडरनं कापलेला आणि रेडिएटरच्या तोंडावर हा भला मोठा इंटरकूलर. गाडी खरंच ओढायला लागली होती. मी उरलेले सतरा हजारही देऊन टाकले. जुना इंटरकूलर मागितला तर “तो एक्सचेंजमधी गेला भाऊ” म्हणाला. एक्सचेंजचा शब्द आधी निघालाच नव्हता.

एप्रिल निघाला, मे लागला. रिकाम्या गाडीतही तापमानाचा काटा वर सरकू लागला. मी फोन केला की तो म्हणायचा, “कूलंट टाका, ऊन लई हाय.” एके दुपारी वाहतूक करत असताना वरुडच्या अलीकडेच बॉनेटमधून वाफ आली. गाडी उभी केली तोवर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग, गेलं होतं. अमरावतीला ओढून नेली. हेड काढून फेसिंग, गॅस्केट, तेल, कूलंट, टोचन, सगळं धरून एकतीस हजार.

अमरावतीचे ते मिस्त्री वयानं मोठे, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी इंजिन उघडायच्या आधीच समोर उकिडवं बसून इंटरकूलरकडे बराच वेळ पाहिलं. मग तो उतरवला आणि मला दाखवला. बाजूच्या टाकीला एमसील लावून वरून चंदेरी रंग मारलेला. तो रंग पात्यांमध्ये इतका बसलेला की टॉर्च मागून धरली तर उजेड पलीकडे येत नव्हता. भंगारातला, दुसऱ्या कुठल्या गाडीचा तुकडा. रेडिएटरला मिळणारी हवा यानं अडवली, आणि जी थोडी आत येत होती ती कडेच्या फटींतून निघून जात होती, कारण पत्र्याची आडोशाची पट्टी कुठेच लावलेली नव्हती.

मग माझी ओढ परत आली ती कशानं? चाचांनीच सांगितलं. जागा बदलताना त्याला पाईप नवे टाकावेच लागले. टर्बो ते इंटरकूलरमधला जुना रबरी होज क्लिपच्या खाली फाटला असणार. लोड आला की चीर उघडायची, दाबलेली हवा बाहेर, इंजिनाला हवा कमी, म्हणून काळा धूर आणि तो ‘सूं’. तो होज चौदाशे रुपयांना मिळतो. मी त्याची किंमत काउंटरवर विचारून आलो, कारण मला विश्वासच बसेना.

माझा भाचा पुण्यात अशाच शर्यतीच्या गाड्या तयार करणाऱ्या गॅरेजात काम शिकतो. त्याला फोटो पाठवले तर तो चिडला. “मामा, ड्रिफ्टची गाडी मिनिट-दोन मिनिटं पळते अन् थांबते. तिचं तोंड वाऱ्याकडे नसते, गाडी आडवी असते, वेग कमी अन् इंजिन फुल. म्हणून मोठा इंटरकूलर समोर लावतात. तरी रेडिएटर तापतेच, म्हणून कोणी रेडिएटर मागं डिक्कीत नेऊन पंखे लावते, कोणी दोन्ही व्ही आकारात तिरपे बसवते.” समोर लावला की पाईप लांब होतात, दाब यायला उशीर लागतो, आणि ठोकर लागली की पहिला इंटरकूलरच फुटतो, हेही त्यानं सांगितलं. निसानची सिल्विया ड्रिफ्टवाल्यांची लाडकी, पण तिच्या टर्बो मॉडेलला कंपनीचा इंटरकूलर समोरच्या कोपऱ्यात, चाकापुढे असतो. सुबारूच्या डब्ल्यूआरएक्सला तर माझ्यासारखाच इंजिनावर, स्कूपखाली. जागा गाडीच्या कामावरून ठरते. माझी गाडी माल भरून मेच्या उन्हात तासन्‌तास चढ चढते. तिथे वाऱ्यावर पहिला हक्क रेडिएटरचा.

कुणी जागा बदलायचं म्हणत असेल, तर आधी दाब लावून तपासणी करून घ्या. पाईपची दोन्ही टोकं बंद करायची, रेग्युलेटर लावून एक-सव्वा बार दाबानं हवा सोडायची आणि साबणाचं पाणी मारायचं. बुडबुडे आले तिथे गळती. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर अर्ध्या तासात होतं. इंटरकूलर काम करतो की नाही हेही कळतं: चढ चढून आल्यावर आत जाणारा पाईप हाताला चटका देईल, बाहेर येणारा नुसता कोमट पाहिजे. दोन्ही सारखेच तापलेले असतील तर इंटरकूलरची जाळी बुजली आहे. माझ्या जुन्याची अशी तपासणी कुणी केलीच नाही.

आणि चॅनल कापू देऊ नका. आरसीत नोंदलेल्या रचनेत असा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, आणि अपघात झाला तर समोरून गाडी झेलणारं लोखंडच राहिलेलं नसतं. माझा चॅनल वेल्डिंग करून परत बसवला, पण पहिल्यासारखा नाही.

जूनमध्ये शेजारच्या गावातल्या एकानं त्याच गॅरेजातून ‘नवा’ इंटरकूलर घेतल्याचं कळलं. पाहायला गेलो. इंटरकूलर बसवायच्या डाव्या कानाजवळ वेल्डिंगचा टिपका होता, तीन वर्षांपूर्वी मीच मारून घेतलेला. त्या माणसाला मी काहीच मागितलं नाही, त्यानंही पैसेच मोजले होते.

ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, दोन वर्षांची मुदत आहे. माझ्याकडे पुरावा म्हणून चिठ्ठी आहे, चाचांचं बिल आहे आणि घराच्या ओसरीवर ठेवलेला तो चंदेरी रंगाचा इंटरकूलर. चिठ्ठीवर गॅरेजचं नाव नाही, सही नाही, फक्त 42,000 एवढा आकडा.