पोटॅशियमची टेस्ट असेल तर सॅम्पल लॅबमध्ये जाऊनच द्या (धरमपेठ, नागपूर) ४/५

माझ्या बाबांना हेरिडिटरी स्टोमॅटोसायटोसिस (लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) आहे, त्यातला डिहायड्रेटेड प्रकार, म्हणजे लाल पेशीच्या आवरणातून पोटॅशियम गळतं, त्याच्यामागे पाणीही जातं आणि पेशी कोरडी पडते. बहुतेकांमध्ये पीझो-वन नावाच्या जीनमधला बिघाड असतो, बाबांचंही तेच.

आधी दुसऱ्या एका ठिकाणचं होम कलेक्शन घ्यायचो. मे महिन्यातलं ऊन, म्हणून सॅम्पल घ्यायला येणारा मुलगा ट्यूब बर्फाच्या डब्यात टाकायचा आणि बाकीची घरं करून दुपारी लॅबला पोचायचा. रिपोर्ट आला पोटॅशियम ६.४, नॉर्मल असतं ३.५ ते ५, आम्ही घाबरून ईसीजी काढला तर तो एकदम व्यवस्थित. पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा वीसेक पट जास्त असतं, ते आत ओढणारा पंप थंडीत मंदावतो आणि बाबांच्या पेशी मुळातच गळक्या, त्यामुळे आकडा ट्यूबमध्येच चढला होता, अंगात नाही. अशा आकड्यावर पोटॅशियम उतरवायची औषधं सुरू केली असती तर खरं पोटॅशियम खाली गेलं असतं, ते जास्त भीतीदायक.

धरमपेठेतल्या या लॅबमध्ये काउंटरवर आजार सांगितला तर टेक्निशियन म्हणाला, "ताई, हे बर्फात नाही ठेवायचं, इथंच काढतो न लगेच मशीनवर फिरवतो." मूठ आवळायला लावली नाही, दंडाला बांधायचा पट्टाही सैल. पोटॅशियम ४.४! रिपोर्टवर सॅम्पल कधी काढलं ती वेळही छापतात, डॉक्टरला त्याचा फार उपयोग होतो.

पॅथॉलॉजिस्ट मॅडम स्वतः बोलल्या, हे मला सगळ्यात आवडलं. आपल्या विदर्भात ॲनिमिया म्हटलं की आधी सिकलसेल बघतात, ते बरोबरच आहे, पण बाबांचं ते निगेटिव्ह आल्यावर एके ठिकाणी स्फेरोसायटोसिस (लाल पेशी गोल होण्याचा आजार) सांगून प्लीहा काढायचा सल्ला मिळाला होता. या आजारात प्लीहा काढली तर रक्ताच्या गुठळ्यांचा धोका खूप वाढतो. मॅडमनी एमसीएचसी (लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनची दाटी) आणि रेटिक (नव्या लाल पेशी) दोन्ही वाढलेले दाखवून हिमॅटॉलॉजिस्टकडे (रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरकडे) पाठवलं, आणि रक्त चढवलेलं नसलं तरी शरीरात लोह साठतं म्हणून फेरिटिनही करायला सांगितलं.

एक स्टार कमी कारण जीनची टेस्ट बाहेर पाठवतात, रिपोर्टला खूप दिवस लागले आणि मधे कोणी फोन केला नाही. सकाळी गर्दी असते, पार्किंग नाहीच. घरात कोणाला असा आजार असेल तर सुई लावायच्या आधीच काउंटरवर सांगा.