निकॉनच्या डी९० कॅमेऱ्यानंतर झेड५०-टू: अकरा महिने, दीड हंगाम जत्रा आणि एक पावसाळा

दशावतारात, म्हणजे आमच्या कोकणातल्या जत्रांतल्या रात्रभराच्या नाटकात, आख्यान खरं रंगात येतं ते रात्री दोन-अडीचनंतर. राणी बाकड्यावर बसून विलाप करत असते, पायपेटी खालच्या सुरात गेलेली असते, आईच्या मांडीवरचं पोरसुद्धा गप्प असतं, आणि नेमका तेव्हा माझा निकॉन डी९० 'खटॅक' करायचा. पुढे गोणपाटावर बसलेले आजोबा मान वळवून बघायचे. बोलायचे काही नाहीत, नुसते बघायचे. सोळा वर्षं ती नजर झेलली. नवा कॅमेरा घ्यायला सांगण्यासारखी कारणं बरीच होती, पण मनातलं पहिलं कारण हे.

मी कुडाळला राहतो. लग्नाच्या ऑर्डरी घेत नाही, फोटोवर पोट नाही. कार्तिक लागला की जत्रा सुरू होतात आणि मी रात्री गावोगाव हिंडतो, एवढाच नाद. त्यामुळे हा अनुभव अंधारात कॅमेरा वापरणाऱ्या माणसाचा आहे. भर दुपारी बागेतली फुलं टिपणाऱ्याला यातलं निम्मं कामाचं नाही.

डी९० मी २००९ मध्ये घेतला. आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये तो जाहीर झाला, तेव्हा व्हिडिओ काढणारा पहिला डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) म्हणून गाजला होता. व्हिडिओ म्हणजे काय, तर ७२०पी, एका वेळी पाच मिनिटं आणि फोकस आपल्या हातानं. मी त्या वाटेला फारसा गेलोच नाही. फोटो मात्र त्यानं उत्तम दिले. १२.३ मेगापिक्सेलच्या त्या फाइलींचे १२ बाय १८ इंची प्रिंट आजही घरात लावलेले आहेत आणि ते बघून कुणी मेगापिक्सेल विचारलेले नाहीत. त्याचा शटर एक लाख वेळा चालवून तपासलेला असतो. माझा एक लाख चाळीस हजारांच्या पुढे गेला आणि मग फोटो काढताना वर उचलला जाणारा, 'खटॅक' करणारा आरसा अधूनमधून वरच अडकून राहायला लागला. वय झालं, दुसरं काय! दुरुस्तीवाला म्हणाला, सुटा भाग मिळाला तर बसवून देतो, पण त्या पैशात असाच दुसरा जुना कॅमेरा येईल.

मुलगी म्हणाली, मोबाइल घ्या चांगला. तिचं पूर्ण चुकलं असं नाही. पण मोबाइलचा नाइट मोड एकामागोमाग बऱ्याच फ्रेम घेऊन त्या एकत्र करतो. देवळाचा कळस त्याला छान जमतो, गरागरा फिरणाऱ्या राक्षसाचे मात्र तीन हात होतात. दोन-चार जत्रांत करून बघितलं आणि तो विषय संपला.

मग राहिले तीन रस्ते. एक, वापरलेला निकॉन डी७५००. २०१७ चा, २०.९ मेगापिक्सेल, सेकंदाला आठ फोटो, आणि मुख्य म्हणजे माझ्या सगळ्या जुन्या लेन्स त्यावर जशाच्या तशा चालल्या असत्या. खिशाच्या हिशेबानं हेच शहाणपणाचं होतं. पण त्यातही आरसा, म्हणजे पुन्हा आवाज, पुन्हा आजोबा. दोन, आरसा नसलेला (मिररलेस) फुल फ्रेम झेड५. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र सावरणारी सोय), चित्र टिपणारा सेन्सर मोठा, ऐकायला फार छान. पण सेकंदाला साडेचार फोटो, म्हणजे बरोबर डी९० इतकेच. शिवाय माझ्याकडची १८-१०५ ही डीएक्स, म्हणजे लहान सेन्सरसाठीची लेन्स. ती त्यावर लावली की चित्र कापून दहाएक मेगापिक्सेलचं होतं. सोळा वर्षांनी पैसे मोजून बारावरून दहावर यायचं! तीन, झेड५०-टू, तोही मिररलेस. नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेला, डीएक्स सेन्सर, २०.९ मेगापिक्सेल, बॅटरी आणि कार्डासकट साधारण ५५० ग्रॅम. कॅननचा आर१० आणि सोनीचा ए६७०० हेही हातात घेऊन बघितले. दोन्ही चांगले आहेत, आणि ज्याच्याकडे जुनं काही नाही त्यानं त्यांच्याकडे जरूर बघावं. माझ्याकडे निकॉनच्या तीन लेन्स होत्या, पाय तिकडेच ओढला गेला.

जानेवारी २०२५ मध्ये झेड५०-टू, त्याबरोबरच्या १६-५० आणि ५०-२५० अशा दोन लेन्स आणि जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसवणारा एफटीझेड-टू ॲडाप्टर घेतला. वर कार्ड आणि जादा बॅटरी. सगळं मिळून आकडा लाखाच्या बराच वर गेला. घरी मी तो हप्त्याहप्त्यानं सांगितला.

आता लेन्सची गोष्ट, कारण जुना कॅमेरा बदलणारे बहुतेक जण इथेच फसतात. माझी लाडकी लेन्स ५० एमएम एफ/१.८डी. दशावताराचे माझे निम्मे बरे फोटो तिचेच. या जुन्या 'डी' लेन्समध्ये फोकसची मोटर नसते. मोटर डी९० च्या पोटात असते आणि लेन्स बसते त्या कड्यातून (माउंट) डोकावणारा एक बारीक स्क्रू लेन्सला फिरवतो. ॲडाप्टरमध्ये ना मोटर, ना तो स्क्रू. त्यामुळे ही लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसते, ॲपर्चर चालतं, पण ऑटोफोकस होत नाही. दुकानात हे कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. माझ्या ७०-३०० व्हीआरमध्ये स्वतःची मोटर आहे, ती ॲडाप्टरवर मस्त चालते. तेव्हा जुन्या लेन्सवर 'एएफ-एस' लिहिलंय का नुसतं 'एएफ', हे घरूनच बघून निघा. तिसरी, म्हणजे १८-१०५, मी स्वतःच्या हातानं मारली. कापडी बॅगेत घालून कपाटात ठेवली, आणि कोकणातल्या दोन पावसाळ्यांत तिच्या काचेवर बुरशीची जाळी चढली.

रात्रीकडे येतो. डी९० वर मी आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १६०० च्या पुढे जायला घाबरायचो. ३२०० वर काळ्या कपड्यात लाल-निळे ठिपके उठायचे. नव्यावर ६४०० बिनधास्त वापरतो आणि प्रिंटही काढतो. म्हणजे दोन स्टॉपचा, चौपट फायदा. मधे गेलेल्या सोळा वर्षांच्या मानानं तो थोडा वाटेल, पण त्या दोन स्टॉपमुळे शटर १/६० सेकंदाऐवजी १/२५० ठेवता येतो, आणि झगा उडवत फिरणारा राजा एकाच तोंडाचा येतो. व्ह्यूफाइंडरमध्ये उजेडाचा अंदाज फोटो काढायच्या आधीच दिसतो. पूर्वी मुकुटावरचे आरसे पांढरेफटक झाले आहेत हे फोटो निघाल्यावर मागच्या स्क्रीनवर कळायचं. आता आधीच दिसतं, चाक दोन घर फिरवलं की झालं. सवय व्हायला महिना गेला. सुरुवातीला टीव्ही बघत फोटो काढतोय असं वाटायचं.

आणि ज्याच्यासाठी एवढं केलं ती शांतता. सायलेंट मोड लावला की खरोखर काहीच ऐकू येत नाही. पहिल्या रात्री मी इतका खूश की अख्खं नाटक त्याच मोडवर काढलं. सकाळी घरी कॉम्प्युटरवर बघतो, तर निम्म्या फोटोंवर आडवे काळपट पट्टे आणि युद्धातल्या तलवारी कोयत्यासारख्या वाकलेल्या. कॅमेरा बिघडला नव्हता, मीच अडाणी. सायलेंट मोडमधला इलेक्ट्रॉनिक शटर सगळं चित्र एका दमात घेत नाही, ओळीओळीनं वरून खाली वाचत जातो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून तिच्यावरचे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. वाचता वाचता दिवा मंद झाला की तिथे पट्टा पडतो. त्याच वेळात तलवार पुढे सरकली की ती वाकते. पूर्वी पेट्रोमॅक्स होत्या, पुढे ट्यूबलाइट आल्या, आता एलईडीचे फ्लड. डोळ्याला उजेड वाढला, सेन्सरला डोकेदुखी वाढली.

तोडगा सापडायला पाच-सहा रात्री गेल्या. शटर १/५० किंवा १/१०० ठेवला की दिव्याचं चढणं-उतरणं पुरं पकडलं जातं आणि पट्टे बहुतेक जातात. स्वस्तातल्या रंगीत एलईडीपुढे हेही चालत नाही, तिथे हात टेकायचे. पण १/५० ला माणूस स्थिर हवा. आणि मग लक्षात आलं की दशावताराचं गणित आपोआप जुळतंय. विलापात पात्र बसलेलं असतं, पखवाज थांबलेला असतो: तिथे सायलेंट, १/५०. युद्धात झांज-पखवाजाचा असा कडकडाट असतो की कानाशी फटाका फुटला तरी कळणार नाही: तिथे साधा मेकॅनिकल शटर. आरसा नसल्यानं त्याचा आवाजही डी९० च्या मानानं पुष्कळ मऊ आहे. जुन्या ५० एमएमलाही काम मिळालं. बसलेल्या राणीवर हातानं फोकस करायला भरपूर वेळ असतो, फोकस पीकिंग लावलं की फोकसमधल्या कडा रंगीत दिसतात, आणि ती लेन्स आजही जो चेहरा देते तो किटमधली १६-५० देत नाही. मे महिन्यात ४० एमएम एफ/२ घेतली. १७० ग्रॅमची चिमुकली, आता तीच बहुतेक वेळ कॅमेऱ्यावर असते. बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही, तिच्यातही नाही. हे माहीत असून घेतलं, म्हणून मांडवाच्या खांबाला पाठ टेकून उभा राहतो.

अंधारात वापरणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी कराव्यात. फोकसला मदत करणारा पुढचा दिवा मेनूत जाऊन बंद करा, नाहीतर नटाच्या डोळ्यावर टॉर्च मारल्यासारखं होतं. आणि मागची स्क्रीन उलटी करून आत मिटा. ती उजळली की मागच्या चार रांगांचं लक्ष तुमच्याकडे. तीच स्क्रीन गर्दीत मात्र वरदान आहे. पालखीच्या वेळी हात वर करून, स्क्रीन खाली वळवून फोटो काढता येतो. पूर्वी देवाच्या भरवशावर काढायचो.

चेहरा आणि डोळा ओळखणं रंगवलेल्या चेहऱ्यांवरही छान चालतं, मुकुट-दागिन्यांच्या गर्दीतही. अपवाद संकासुराचा. नखशिखान्त काळा वेष, तोंड झाकलेलं, लाल जीभ लोंबतेय. कॅमेरा त्याला सोडून मागे शेंगदाणे खाणाऱ्या पोराचा डोळा पकडतो. राक्षस ओळखायची सोय कुणी केलेली नाही. पक्षी ओळखायची आहे. परसातल्या वडाला फळं धरली की धनेश येतो. त्याच्या उडीच्या आधीचा क्षण धरून ठेवणारी सोयही आहे, शटर दाबायच्या सेकंदभर आधीपासूनचे फोटो मिळतात, फक्त जेपीईजी. मजा आली, पण माझा जीव त्यात नाही.

बॅटरी हे दुखणं आहे, आणि ते बहुतेक सगळ्या छोट्या मिररलेसचं आहे. डी९० एका चार्जवर दोन जत्रा काढायचा. सीपा या जपानी कॅमेरा संघटनेच्या मोजणीत त्याचे ८५० फोटो होते, याचे अडीचशेच्या आसपास. प्रत्यक्षात भराभर काढले तर यापेक्षा खूप जास्त निघतात, पण रात्री दहा ते पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत एक बॅटरी पुरत नाही. दोन जादा ठेवतो. यूएसबी-सीवर चार्ज होतो, तेव्हा मध्यंतरी पॉवर बँक लावून खिशात टाकतो. जुन्या बॅटऱ्या यात बसत नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

घरचा कॉम्प्युटरही म्हातारा. जुन्या सॉफ्टवेअरनं नव्या फाइली उघडल्याच नाहीत. निकॉनचं एनएक्स स्टुडिओ फुकट मिळतं, त्यावर काम भागवलं, पण एकेक फोटो उघडताना चहा होऊन येतो. त्यात फोटोंची संख्या! पूर्वी ८ जीबीचं कार्ड संपेल म्हणून मी थांबायचो, नट वळेल, हात वर जाईल, तेव्हा दाबायचो. एका रात्री दोनशे व्हायचे. आता बाराशे आणतो आणि त्यातून पंधरा निवडायला रविवार जातो. आणि हे पंधरा त्या दोनशेंतल्या पंधरांपेक्षा सरस असतात का? तांत्रिकदृष्ट्या, हो. बाकी मला छातीठोक सांगता येत नाही.

पावसाळ्यात आंबोलीला चार वेळा गेलो. बेडूक, धुकं, शेवाळ. कॅमेऱ्याला काही झालं नाही, पण मी त्याला छत्रीबाहेर काढलाही नाही. घरी आता रबरी कडेचा हवाबंद डबा, सिलिका जेल आणि चारशे रुपयांचा आर्द्रतामापक. काटा पन्नासच्या वर गेला की जेल उन्हात. लेन्स बदलताना कॅमेरा तोंड खाली करून धरतो. आरसा नसल्यानं सेन्सर समोर उघडाच असतो आणि जत्रेत धुळीला तोटा नाही.

डी९० भाच्याकडे गेला. तो दिवसा उजेडी फोटो काढतो, आरसा अडकला की बंद-चालू करतो आणि खूश आहे.

या हंगामाच्या तिसऱ्या जत्रेत, नाटक सुटल्यावर, राजाचं काम करणारे दादा मुकुट उतरवून पेटाऱ्यात ठेवत होते. मला बघून म्हणाले, "आज तुझो कॅमेरो वाजणा नाय तो? बिघाडलो काय?" नवा घेतलाय, आवाज येत नाही, असं मी मोठ्या कौतुकानं सांगितलं. त्यांना ते फारसं आवडलेलं दिसलं नाही. इतकी वर्षं ते एंट्रीला तलवार उगारून थांबायचे, माझा खटॅक ऐकायचे आणि मग पुढचं पाऊल टाकायचे. मला वाटायचं, तो क्षण मी पकडतोय.

आता त्यांच्या एंट्रीला मी मेकॅनिकल शटर लावतो. आवाज लहान आहे, त्यांच्यापर्यंत पोचतो की नाही, पुढच्या जत्रेत विचारणार आहे.