मुदत वाढवावी की इसार मोडावा?

जुळे सोलापुरातल्या एका काकूंचा घरविक्रीचा व्यवहार अडकलाय. गिऱ्हाईक इसार, म्हणजे व्यवहार पक्का करायची आगाऊ रक्कम, देऊन गेलं, आता दर वेळी "कर्ज झालं की बघू". थांबू की दुसरं बघू, हा काकूंचा प्रश्न.

पैशाचं आधी. थांबलात तर ठरलेला भाव टिकतो. मात्र वाढीव मुदतीसाठी गिऱ्हाइकाकडून आणखी रक्कम बँकेमार्फत घ्या, नवी तारीख लेखी करा. मोडलात तर इसार आपोआप आपला होत नाही. जप्तीची अट करारात हवी, आणि रक्कम अवाजवी मोठी असेल तर न्यायालयात टिकणं अवघड.

कटकट मोडण्यातच जास्त. साठेखत, म्हणजे पुढे विक्री करायचा करार, नोंदवलेलं असेल तर रद्द करायचा दस्तही दुय्यम निबंधकाकडेच, दोघांच्या सह्यांनी. नुसती इसारपावती असेल तर आधी वकिलाची नोटीस, मग नवं गिऱ्हाईक. उलटं केलंत तर जुना माणूस करारपूर्तीचा, म्हणजे "ठरल्याप्रमाणे घर मलाच विका" असा, दावा लावू शकतो. त्याला ३ वर्षांची मुदत असते. एजंट "मी बघतो" म्हणेल. कागद तो बघत नाही.

वेळ दोन्हीकडे जातोच.

बँकेचं मंजुरीपत्र दाखवणाऱ्याला एकदा मुदत द्या. तेही न दाखवणाऱ्याला, किंवा तुमच्या नव्या घराचे हप्ते सुरू झाले असतील तर, सरळ नोटीस.