हायदाय की कुन्बू?

चिनी पाककृतींचा मराठी अनुवाद करणाऱ्या एका मैत्रिणीला केल्प या समुद्रशैवालासाठी ‘हायदाय’ ठेवावा की ‘कुन्बू’, असा प्रश्न पडला होता.

अर्थाच्या स्पष्टतेत हायदाय पुढे आहे. ‘हाय’ म्हणजे समुद्र आणि ‘दाय’ म्हणजे पट्टा. लांब, चिवट पात्याकडे पाहताच नाव पटते. कुन्बू मात्र आपल्या अक्षरांतून वनस्पतीचे तितके स्पष्ट चित्र उभे करत नाही. याच दोन चिनी अक्षरांचा जपानी उच्चार कोम्बू होतो.

नेमकेपणाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. आजच्या वनस्पतिशास्त्रात हायदाय म्हणजे सॅकरिना जॅपोनिका आणि कुन्बू म्हणजे एक्लोनिया कुरोमे. परंतु चिनी औषधकोशात कुन्बू या एकाच नावाखाली दोन्ही जाती येतात. चिनी वैद्य ली शिझेन यांच्या सोळाव्या शतकातील औषधिग्रंथात हायदाय आणि कुन्बू अशा स्वतंत्र नोंदी आहेत, तरी त्यातला हायदाय आजचा केल्पच असेल असे गृहीत धरू नये, कारण आज चीनमध्ये जो शेतीतून पिकतो, तो केल्प तेथे विसाव्या शतकात जपानकडून आला.

बाजारात आणि स्वयंपाकघरात हायदायच चालतो.

म्हणून पाककृतीसाठी हायदाय घ्यावा. जुन्या औषधी मजकुरासाठी कुन्बू तसाच ठेवावा आणि जात ठाऊक असेल तरच तळटीपेत शास्त्रीय नाव द्यावे.