बारोलो घ्यावी की बार्बारेस्को?

दोन्ही लाल वाईन, इटलीतल्या पीडमाँट प्रांतातल्या, आल्बा गावाजवळच्या टेकड्यांवरच्या. द्राक्ष एकच, नेब्बिओलो, तेही १०० टक्के. दुसऱ्या द्राक्षाचा थेंब चालत नाही. १९८० साली दोन्हींना डीओसीजी हा इटलीतला सर्वात वरचा दर्जा मिळाला. मग निवडायचं कसं? मी एकच विचारतो: बाटली उघडणार कधी?

नियमांनुसार बारोलो किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ लाकडात. बार्बारेस्कोला २६ पुरतात, लाकडात ९. मोजणी काढणीच्या वर्षाच्या १ नोव्हेंबरपासून. म्हणजे २०२१ ची बार्बारेस्को १ जानेवारी २०२४ ला बाजारात येऊ शकली, बारोलो आणखी वर्षभर तळघरातच राहिली. बाटलीवर रिझर्वा (म्हणजे जास्त मुरवलेली) लिहिलेलं असेल तर बारोलोला ६२ आणि बार्बारेस्कोला ५० महिने.

ही सवलत उगाच नाही. बार्बारेस्कोचे मळे तानारो नदीच्या जवळ, जरा सखल. द्राक्ष लवकर पिकतं, तुरटपणा लवकर निवळतो. बारोलोचा प्रदेश साधारण तिप्पट, ११ गावांचा, त्यामुळे सरसकट बोलणं धोक्याचं. त्यातल्या ला मोर्रा गावाची बारोलो मवाळ, सेर्रालुंगा गावाची मात्र हट्टी.

ग्लासात ओतल्यावर रंग बघून फसू नका. फिका लाल, कडेला विटकरी. पाणी घातलंय की काय असं वाटतं. वास गुलाबाचा आणि डांबराचा (हो, डांबराचा, आणि तो हवाहवासा असतो). घोट घेतला की जीभ जांभळं खाल्ल्यासारखी आखडते. तरुण बारोलोत हे जास्तच. झणझणीत रश्शासोबत तर दोन्ही नकोत, तिखट आणि तुरट एकमेकांना चिथावतात.

पिंप किती मोठं असावं, यावर मात्र नियम गप्प आहेत. जुन्या अवाढव्य पिंपातली वाईन आणि छोट्या नव्या पिंपातली, व्हॅनिलाचा वास मारणारी वाईन, दोन्हींवर नाव तेच. तिथे उत्पादकाची पद्धतच विचारावी लागते.

या महिन्यात प्यायची असेल तर डोळे मिटून बार्बारेस्को. दहा वर्षं थांबायची तयारी असेल तर बारोलो, पण घरात बारमाही थंड, अंधारी जागा हवी. मे महिन्यात पुण्या-मुंबईच्या कपाटात ती मुरत नाही, नासते. खिसा दोन्हींना नाही म्हणत असेल तर याच भागातली साधी वाईन, लांगे नेब्बिओलो बघा: ८५ टक्के नेब्बिओलो पुरतं, लाकडाची सक्ती नाही, आणि बरेचदा ती याच उत्पादकांची असते.