इमारतीचा आतला नकाशा ‘अपडेट केला’ म्हणून बिल लावणाऱ्यांपासून सावध राहा

रुग्णालय, विद्यापीठ, विमानतळ किंवा मोठ्या कार्यालयाचा आतला डिजिटल नकाशा ज्यांच्याकडे आहे आणि त्याच्या दुरुस्तीचं काम बाहेरच्या एजन्सीला दिलेलं आहे, त्यांनी हे जरूर वाचावं. आमच्या रुग्णालयाच्या बाबतीत जे घडलं ते सांगतो. प्रकरण अजून मिटलेलं नाही म्हणून एजन्सीचं नाव देत नाही, पण ही युक्ती कुणीही कुणावरही वापरू शकेल अशी आहे.

इमारतीत नूतनीकरण झालं होतं. काही विभाग एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर गेले, मधल्या भिंती पाडून खोल्या जोडल्या, एक जुनी लिफ्ट कायमची बंद केली. अशा नकाशात प्रत्येक खोली, दार, जिना, लिफ्ट यांची स्वतंत्र नोंद असते. तिलाच फीचर म्हणतात. फीचरला स्वतःचा आयडी असतो, आकार, प्रकार आणि मजला असतो. बदल करायचा तर वेब एपीआयमधून (एका प्रोग्रामने इंटरनेटवरून दुसऱ्याशी बोलायच्या सोयीतून) त्या आयडीवर पॅच विनंती, म्हणजे दुरुस्तीची विनंती, पाठवायची, आणि जे बदललं तेवढंच त्यात लिहायचं. एजन्सीने दर ठरवला तो दुरुस्त केलेल्या फीचरमागे. सगळी मेख इथेच होती.

काम संपल्यावर त्यांनी भलीमोठी एक्सेल फाइल पाठवली. ओळीमागे एक फीचर, त्याचा आयडी, तारीख, वेळ आणि शेवटच्या रकान्यात हिरव्या रंगात २०२. खाली एकूण संख्या आणि बिल. रिसेप्शनच्या पडद्यावर नकाशाही बदललेला दिसत होता: बंद लिफ्ट लाल, हललेले विभाग वेगळ्या रंगात.

मग एक दिवस व्हीलचेअरवरच्या एका आजींना घेऊन त्यांचा मुलगा आमच्या खोलीत आला. मोबाइलवरच्या रस्ता दाखवणाऱ्या सोयीने त्यांना थेट त्या बंद लिफ्टसमोर नेऊन उभं केलं होतं. तिथून परत फिरून लांबचा वळसा घेईपर्यंत त्यांची तपासणीची वेळ टळली होती. एकाच नकाशात रिसेप्शनला लिफ्ट बंद आणि रुग्णाच्या हातात ती चालू, हे कसं? हा प्रश्न मी एजन्सीच्या माणसाला विचारला तेव्हा तो म्हणाला, “साहेब, सर्व्हरने प्रत्येक विनंतीला २०२ दिलंय. म्हणजे काम झालंच ना.”

इथे थोडं थांबून हा आकडा समजून घ्या, कारण याच आकड्यावर त्यांनी पैसे काढले. वेबवरच्या विनंती-उत्तरांचे, म्हणजे एचटीटीपीचे, नियम सांगणाऱ्या आरएफसी ९११० या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात (जून २०२२) २०२ चा अर्थ स्पष्ट दिला आहे: विनंती स्वीकारली, प्रक्रिया पूर्ण झालेली नाही, आणि ती पुढे होईलच असंही नाही. टपालाच्या खिडकीवर पाकीट घेतल्याची पावती मिळावी, तसंच हे. नकाशाच्या पुष्कळ सेवांमध्ये मोठे बदल रांगेत टाकले जातात, उत्तरासोबत एक वेब-पत्ता (लिंक) मिळतो, आणि काम यशस्वी झालं की फसलं हे त्या पत्त्यावर पुन्हा पुन्हा विचारून कळतं. एजन्सीने तो शेवटचा निकाल आम्हाला एकदाही दाखवला नव्हता.

आमच्या आयटी विभागातल्या सहकारी मॅडमनी वाचनापुरती की (नोंदी फक्त वाचू देणारा गुप्त संकेत) वापरून ते निकाल काढले. बरीच कामं सर्व्हरने नाकारलेली होती. कारण काय, तर खोल्यांचे आकार बंदच होत नव्हते. नकाशातले आकार लिहायच्या जिओजेसन या स्वरूपाच्या नियमानुसार (आरएफसी ७९४६) बहुकोनाच्या कड्याचा, म्हणजे त्याच्या बंद रेषेचा, पहिला आणि शेवटचा बिंदू एकच असावा लागतो, आणि एका कड्यात किमान चार बिंदू लागतात. त्यांच्या माणसांनी भराभर बिंदू टाकले, कडं बंद केलं नाही, सर्व्हरने परत पाठवलं, आणि तरीही त्या ओळी बिलात ‘पूर्ण’ म्हणून आल्या.

जी कामं यशस्वी होती त्यांनी मला जास्त हादरवलं. आमच्याकडे मूळ नकाशाची आयएमडीएफ झिप होती. हे आतल्या नकाशांसाठी ॲपलने तयार केलेलं स्वरूप आहे, २०२१ पासून ओजीसी या नकाशा-माहितीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं सामुदायिक मानक. आत मजले, खोल्या, दारं वगैरेंच्या वेगवेगळ्या जिओजेसन फायली असतात. मॅडमनी झिपमधलं फीचर आणि सर्व्हरवरचं आजचं फीचर शेजारी ठेवून ताडून पाहिलं. कित्येक ठिकाणी एका अक्षराचाही फरक नव्हता. जे नाव आधीच होतं तेच नाव पॅचमधून पुन्हा पाठवलेलं! सर्व्हरच्या दृष्टीने विनंती बरोबर, बदलाची तारीख नवी, आणि खोलीची माहिती जुनीच.

रंगाची गोष्टही तेव्हाच उलगडली. काही सेवांमध्ये फीचरची तात्पुरती स्थिती, म्हणजे खोली रिकामी की भरलेली, तापमान किती, ही मूळ माहितीपासून वेगळी ठेवायची सोय असते आणि तिच्यावरून नकाशाचे रंग ठरतात. एजन्सीने लिफ्टच्या मूळ नोंदीला हात न लावता फक्त ही स्थिती बदलून तिला लाल केलं. रस्ता शोधणारी यंत्रणा मूळ नोंद वाचते, रंग वाचत नाही. हे त्यांना माहीत नव्हतं यावर माझा विश्वास नाही, कारण पडद्यावर जे आम्हाला सहज दिसेल तेवढंच त्यांनी नेमकं रंगवलं होतं.

काही खोल्या त्यांनी हटवून त्याच आकाराच्या नव्याने घातल्या आणि हटवणं एक, घालणं एक, असे दोनदा पैसे लावले. नव्या नोंदीला नवा आयडी मिळतो. दारांवरचे क्यूआर कोड जुन्या आयडीला बांधलेले होते, ते सगळे निकामी झाले.

जाब विचारल्यावर पहिलं उत्तर आलं की टाइल्स (पडद्यावर दाखवायला आधीच बनवून ठेवलेले नकाशाचे तुकडे) अजून बनल्या नाहीत. हे अर्धसत्य आहे, म्हणून लोक फसतात. पडद्यावरचा नकाशा टाइल्समधून काढलेला असेल तर माहिती बदलून चालत नाही, टाइल्स पुन्हा तयार कराव्या लागतात, हे खरंच. पण आम्ही टाइल्स पाहतच नव्हतो, गेट (GET) विनंतीने, म्हणजे नोंद वाचायच्या विनंतीने, थेट फीचर मागत होतो, आणि तिथेच जुनी माहिती होती. मग सूर बदलला. मायक्रोसॉफ्टची ॲझ्यूर मॅप्स क्रिएटर ही आतल्या नकाशांची सेवा ३० सप्टेंबर २०२५ ला बंद झाली, ही खरी गोष्ट पुढे करून “तुमचीही सेवा बंद पडेल, आत्ताच आमच्याकडे हलवा” असं सुरू झालं. आमची सेवा वेगळी होती. आणि बदल करण्याची की, सेवेचं खातं, दोन्ही एजन्सीच्या नावावर. ते आमच्या ताब्यात द्यायचे वेगळे पैसे मागितले.

तुमचं काम अजून सुरू व्हायचं असेल तर खातं पहिल्या दिवसापासून संस्थेच्या नावावर ठेवा आणि एजन्सीला मुदतीची की द्या. दर फीचरमागे किंवा विनंतीमागे कबूल करू नका. जागेवर जाऊन पडताळलेल्या मजल्यामागे करा. काम सुरू होण्याआधीची आणि संपल्यानंतरची नकाशाची पूर्ण निर्यात (एक्स्पोर्ट) तुमच्या माणसाने स्वतः काढावी आणि दोन्हींतला फरक बिलासोबत जोडलेला असावा. आयडी बदलणार नाहीत हे करारात लिहून घ्या. आणि बंद लिफ्ट, अरुंद दार, उतार नसलेला दरवाजा यांची चाचणी पडद्यावर न करता, व्हीलचेअर घेऊन, मोबाइलने दाखवलेल्या रस्त्याने करा. हा आग्रह मी धरतोच, कारण इथली चूक हिशेबाच्या वहीत राहत नाही, आजारी माणसाच्या वाट्याला येते.

आम्ही शेवटचा हप्ता रोखला आहे आणि कायदेशीर नोटीस पाठवली आहे. आधी दिलेले पैसे परत आलेले नाहीत. मूळ झिपवरून नवं खातं उघडून आमच्याच लोकांनी दुरुस्ती सुरू केली, आणि पहिली नोंद त्या लिफ्टची बदलली. वकिलांना सर्वांत उपयोगी पडले ते नाकारलेल्या कामांचे निकाल. काही सेवा ते ठरावीक मुदतीनंतर पुसून टाकतात, तेव्हा तुमच्याकडे असा वाद सुरू असेल तर ते आजच उतरवून ठेवा.